'चेक' या शब्दाचा माग : इंग्रजी शब्दाचा अर्थ, वापर आणि उगम कसा शोधावा

अनुवाद करणारे, मराठी माध्यमात शिकून पुढे इंग्रजीत वाचू-लिहू लागलेले विद्यार्थी आणि वर्गात 'सर, हा शब्द आला कुठून?' या प्रश्नाला सामोरे जाणारे शिक्षक, या सर्वांना एक काम वारंवार करावे लागते. एखाद्या इंग्रजी शब्दाचा नेमका अर्थ काय, तो कुठे आणि कसा वापरतात, आणि तो मुळात आला कोठून, हे त्यांना शोधून काढावे लागते. फोनवर शब्द टाइप केला की क्षणात डझनभर उत्तरे समोर येतात, त्यामुळे हे काम सोपे वाटते. परंतु त्यांतील कोणते उत्तर आपल्या वाक्याला लागू पडते आणि कोणती व्युत्पत्ती पुराव्यावर उभी आहे, हे त्या उत्तरांवरून कळत नाही. अनुवादाच्या कामात मी जी पद्धत हळूहळू बसवली आणि आजही रोज वापरतो, ती नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी येथे क्रमाने मांडत आहे.

उदाहरणासाठी मी 'चेक' हा शब्द घेतला आहे. तो मराठी माणसाच्या तोंडी दिवसभर असतो: चेक वटला का, पत्ता चेक करून सांग, चेक्सचा शर्ट, डॉक्टरांकडे चेकअप, मुलुंड चेकनाका. बँकेतला कागद, कापडावरची नक्षी आणि तपासणे या तीन गोष्टींचा वरवर पाहता एकमेकींशी काहीच संबंध दिसत नाही, आणि म्हणूनच पद्धत समजून घ्यायला हा शब्द फार उपयोगी आहे.

एक सूचना आधीच करतो. पुढे दिलेल्या पायऱ्यांचा क्रम बदलू नये. उगमाची गोष्ट रंजक असते, त्यामुळे बहुतेक जण तिथूनच सुरुवात करतात आणि मग उगमाचा अर्थ आजच्या वाक्यावर लादतात. आधी आजचा वापर पाहावा, त्यानंतर अर्थांचा इतिहास आणि सर्वांत शेवटी मूळ.

लागणारी साधने

• आजच्या अर्थासाठी शिकणाऱ्यांचा कोश: ऑक्सफर्ड, केंब्रिज किंवा लाँगमन यांपैकी कोणताही एक. तिन्ही ऑनलाइन विनामूल्य पाहता येतात. त्यांतील व्याख्या सोप्या शब्दांत असतात आणि प्रत्येक अर्थापुढे उदाहरणाचे वाक्य असते.

• अमेरिकी वापरासाठी मेरियम-वेबस्टर. यात शब्दाच्या पहिल्या ज्ञात वापराचा काळही दिलेला असतो.

• इतिहासासाठी ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरी. या कोशाचा पहिला भाग १८८४ मध्ये प्रसिद्ध झाला, पहिली आवृत्ती १९२८ मध्ये पूर्ण झाली आणि १९८९ ची दुसरी आवृत्ती २० खंडांची आहे. ऑनलाइन आवृत्तीला वर्गणी लागते. मात्र मोठ्या ग्रंथालयांत छापील खंड मिळू शकतात आणि पहिल्या आवृत्तीचे खंड इंटरनेट आर्काइव्हवर पाहता येतात.

• उगमाचा झटपट आढावा घेण्यासाठी डग्लस हार्पर यांचा ऑनलाइन व्युत्पत्तिकोश, म्हणजे एटिमऑनलाइन.

• प्रत्यक्ष वापर पाहण्यासाठी खऱ्या लिखाण-बोलण्यातील मजकुराचा मोठा, शोधता येणारा संग्रह, ज्याला इंग्रजीत कॉर्पस म्हणतात. विसाव्या शतकाच्या अखेरच्या ब्रिटिश इंग्रजीसाठी सुमारे १० कोटी शब्दांचा ब्रिटिश नॅशनल कॉर्पस आहे आणि १९९० नंतरच्या अमेरिकी इंग्रजीसाठी १०० कोटींहून अधिक शब्दांचा 'कोका', म्हणजे कॉर्पस ऑफ कंटेम्पररी अमेरिकन इंग्लिश, आहे.

• मराठीच्या बाजूने मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश (दुसरी आवृत्ती १८५७), दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश, कृ. पां. कुलकर्णी यांचा मराठी व्युत्पत्तिकोश आणि फारसी शब्दांसाठी माधवराव पटवर्धन यांचा १९२५ चा फार्शी-मराठी कोश. मोल्सवर्थ आणि दाते-कर्वे हे दोन्ही शिकागो विद्यापीठाच्या दक्षिण आशियाई कोशांच्या संकेतस्थळावर शोधता येतात.

• एक वही किंवा साधी तक्ता-फाइल. तिचे काम आठव्या पायरीत येईल.

१. शब्द वाक्यासह आणि मूळ स्पेलिंगसह उतरवून घ्या

सुटा शब्द कधीही शोधू नका. तो ज्या वाक्यात भेटला ते संपूर्ण वाक्य आधी वहीत लिहा, आणि शक्य असेल तर त्याच्या मागचे-पुढचे एकेक वाक्यही लिहा.

देवनागरीतून शोध घेणाऱ्यांसाठी येथे एक विशेष सापळा आहे. आपण 'चेक' असे लिहितो तेव्हा त्यात इंग्रजीतील तीन वेगवेगळी स्पेलिंगे मिसळलेली असतात. सी-एच-ई-सी-के हे तपासणे, रोखणे, खूण, नक्षी वगैरे अर्थांचे स्पेलिंग आहे. सी-एच-ई-क्यू-यू-ई हे बँकेच्या धनादेशाचे ब्रिटिश आणि भारतीय स्पेलिंग आहे. अमेरिकेत मात्र धनादेशालाही पहिलेच स्पेलिंग चालते. तिसरे सी-झेड-ई-सी-एच हे मध्य युरोपातील चेक लोकांचे, त्यांच्या भाषेचे आणि देशाचे नाव आहे, आणि त्याचा पहिल्या दोहोंशी कोणताही संबंध नाही. पहिली दोन स्पेलिंगे एकाच घरातील आहेत, तिसऱ्याचा केवळ उच्चार जुळतो. यांत्रिक अनुवादात 'चेक सरकार' आणि 'चेक पेमेंट' यांचा घोळ होतो तो येथेच.

२. आजचे अर्थ वेगळे करा

आता शिकणाऱ्यांच्या कोशात शब्द उघडा आणि पहिला अर्थ वाचून थांबू नका. कोशातील पहिला अर्थ बहुधा सर्वांत जास्त वापरला जाणारा असतो, तुमच्या वाक्यातला असतोच असे नाही. नाम आणि क्रियापद वेगळे ठेवून अर्थांचे गट पाडा. 'चेक'चे मी पुढीलप्रमाणे गट पाडतो.

पहिला गट तपासण्याचा: कागद, पत्ता, तब्येत, हिशेब. मराठीने उचललेला मुख्य अर्थ हाच, आणि 'चेक करणे' हे संयुक्त क्रियापद आता मराठीचेच झाले आहे. दुसरा गट रोखण्याचा, लगाम घालण्याचा: रोगाचा फैलाव रोखणे, राग आवरणे, सत्तेवर अंकुश ठेवणे. तिसरा गट खुणेचा किंवा बिल्ल्याचा: वस्तू ताब्यात देऊन त्याबदल्यात घेतलेला तुकडा, आणि अमेरिकेत उपाहारगृहातील बिल. चौथा बँकेच्या धनादेशाचा. पाचवा चौकटींच्या नक्षीचा. सहावा बुद्धिबळातील शह.

सहावा गट आजच्या वापरात सर्वांत लहान आहे. तो शेवटी लिहिलेला असला तरी नजरेआड करू नका.

३. शेजारचे शब्द पाहा

मला ही पायरी सर्वांत महत्त्वाची वाटते आणि तीच सर्वाधिक वेळा गाळली जाते. शब्दाचा अर्थ त्याच्या शेजारी बसणाऱ्या शब्दांवरून ठरतो, आणि कोशातील व्याख्येपेक्षा कॉर्पसमधील वीस-पंचवीस वाक्ये वाचल्यावर तो जास्त स्पष्ट होतो. कॉर्पसमध्ये शब्द टाकल्यावर त्याच्या डावी-उजवीकडील शब्दांची यादी मागवता येते. 'चेक'च्या आधी 'डबल' आला की दुसऱ्यांदा खात्री करून घेणे, 'ब्लँक' आला की रक्कम न लिहिलेला धनादेश आणि त्यावरून पूर्ण मोकळीक, 'इन' हे अव्यय आधी आणि 'होल्ड' किंवा 'कीप' हे क्रियापद त्याच्याही आधी आले की आटोक्यात ठेवणे.

अनुवादातील चुका होतात त्या नेमक्या येथे. त्यांतील चार नेहमीच्या आहेत.

'अनचेक्ड ग्रोथ' म्हणजे 'न तपासलेली वाढ' नव्हे, तर 'अनिर्बंध वाढ' किंवा 'बेसुमार वाढ'. येथे दुसऱ्या गटातील रोखण्याचा अर्थ आहे. शहराच्या वाढीविषयीच्या लेखात हा शब्द आला आणि अनुवादकाने पहिल्या गटाचा अर्थ लावला, तर संपूर्ण परिच्छेदाचा रोख बदलतो.

'चेक्स अँड बॅलन्सेस' या राज्यशास्त्रातील जोडशब्दाचे 'तपासण्या आणि समतोल' असे भाषांतर करू नये. संसद, शासन आणि न्यायालय यांनी एकमेकांना मर्यादेत ठेवावे, कोणा एकाच्या हाती सारी सत्ता एकवटू नये, अशी ती रचना आहे. 'परस्पर नियंत्रण आणि समतोल' हे त्याला जवळचे आहे.

'चेक्ड बॅगेज' म्हणजे सुरक्षा तपासणी झालेले सामान, असा समज विमानप्रवासाची सवय नसलेल्यांचा हमखास होतो. प्रत्यक्षात प्रवाशाने विमान कंपनीच्या ताब्यात दिलेले आणि त्याबदल्यात चिठ्ठी घेतलेले सामान म्हणजे 'चेक्ड बॅगेज'. हा तिसऱ्या गटातील बिल्ल्याचा अर्थ आहे. हातातली बॅगही यंत्रातून तपासली जातेच, तरी तिला 'चेक्ड' म्हणत नाहीत, एवढे लक्षात घेतले की फरक पक्का बसतो. अमेरिकेत पहिल्यांदा शिकायला किंवा नोकरीला जाणाऱ्यांनी त्याच गटातील दुसरा वापरही ध्यानात ठेवावा: तेथे जेवण झाल्यावर 'चेक' मागतात तेव्हा त्यांना बिल हवे असते.

'रेन चेक' हा चौथा. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत बेसबॉलचा सामना पावसाने थांबला की प्रेक्षकाला पुढच्या सामन्यासाठी मिळणारी चिठ्ठी म्हणजे 'रेन चेक'. आज कोणी निमंत्रणाला उत्तर देताना तो शब्द वापरला, तर त्याचा अर्थ 'आज जमत नाही, पुन्हा कधीतरी नक्की' असा असतो. पावसाची चौकशी त्यात अजिबात नाही.

मराठीतील वापरही याच पायरीवर नोंदवावा. बोलताना आपण 'चेक वटला नाही' म्हणतो, आणि हे 'वटणे' हुंडीच्या जुन्या व्यवहारातून आपल्याकडे तयारच होते. कायदेविषयक मजकुरात मात्र 'धनादेश' आणि 'अनादर' हे शब्द येतात, कारण १८८१ च्या परक्राम्य संलेख अधिनियमाची (निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्ट) मराठी परिभाषा तशी आहे. बातमी लिहिताना 'न वटलेला धनादेश' चालतो, न्यायालयीन कागदात तो खटकतो. कोणत्या वाचकासाठी लिहीत आहोत, यावर निवड ठरवावी.

४. अर्थांना तारखा लावा

गट पाडून झाले की प्रत्येक गटापुढे त्या अर्थाचा पहिला लेखी पुरावा केव्हाचा आहे, ते लिहा. ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशात प्रत्येक अर्थाखाली कालानुक्रमे अवतरणे असतात. ती मिळाली नाहीत तर मेरियम-वेबस्टर आणि एटिमऑनलाइन यांवरून काम भागते.

'चेक'च्या बाबतीत तारखा लावल्या की यादी जवळजवळ उलटी होते. इंग्रजीत हा शब्द सर्वप्रथम चौदाव्या शतकात बुद्धिबळातील शह या अर्थाने दिसतो, म्हणजे आपण सहाव्या क्रमांकावर ढकललेला गट वयाने सर्वांत मोठा ठरतो. शह बसला की डाव अडतो, पुढची चाल मोकळेपणाने करता येत नाही. त्यावरून अचानक अडथळा, माघार आणि मग रोखणे हे अर्थ त्याच शतकात आले. चौकटींच्या नक्षीचा अर्थ १४०० च्या सुमारास दिसतो. तपासून पाहण्याचा अर्थ, जो आज सर्वांत पुढे आहे, तो सतराव्या शतकाच्या अखेरीस येतो. रोखणे ते तपासणे हा प्रवास समजायला अवघड नाही, कारण हिशेब पडताळून पाहणे म्हणजे त्यातील लबाडीला अटकाव करणेच होय. बँकेच्या कागदाचा अर्थ अठराव्या शतकातला, आणि उपाहारगृहातील बिलाचा एकोणिसाव्या शतकातला.

येथे दोन गोष्टींबाबत सावध राहा. पहिली अशी की 'पहिला लेखी पुरावा' म्हणजे शब्दाचा जन्मदिवस नव्हे; बोलण्यात तो आधीपासून असू शकतो आणि जुना कागद सापडला की तारीख मागे सरकते. म्हणून 'या वर्षी हा शब्द तयार झाला' असे न लिहिता 'या काळापासून लेखी आढळतो' असे लिहावे. दुसरी गोष्ट गूगलच्या एनग्रॅम आलेखांविषयी, म्हणजे एखादा शब्द छापील पुस्तकांत कोणत्या वर्षी किती वेळा आला हे दाखवणाऱ्या आलेखांविषयी. ते पाहायला आकर्षक असतात, परंतु स्कॅन केलेल्या पुस्तकांची प्रकाशनवर्षे त्यांत काही वेळा चुकीची नोंदलेली असतात. दोन स्पेलिंगांची तुलना करायला ते ठीक आहेत. पहिला वापर ठरवायला ते वापरू नयेत.

५. उगमाची साखळी एकेक कडी मागे जात वाचा

व्युत्पत्तिकोशातील नोंद नवख्या वाचकाला सांकेतिक लिपीसारखी वाटते, म्हणून आधी तिच्या खुणा शिकून घ्याव्यात. डावीकडे टोक असलेल्या कोनाचे चिन्ह म्हणजे 'यापासून आलेला'. शब्दाआधी तारांकन असेल तर ते रूप कोठेही लिहिलेले सापडलेले नाही, भाषाशास्त्रज्ञांनी तुलनेवरून ते कल्पिले आहे. ऑक्सफर्डच्या जुन्या आवृत्त्यांत अर्थाआधी कट्यारीसारखे चिन्ह असेल तर तो अर्थ आता वापरातून गेलेला आहे. 'एम.ई.' म्हणजे मध्ययुगीन इंग्रजी, 'ओ.एफ.' म्हणजे जुनी फ्रेंच.

या खुणा वापरून 'चेक'ची साखळी वाचली तर ती अशी आहे: मध्ययुगीन इंग्रजीतील 'चेक' जुन्या फ्रेंचमधील 'एशेक'पासून, तो मध्ययुगीन लॅटिनमधील 'स्काकस'पासून, तो अरबीमार्गे आलेल्या फारसी 'शाह'पासून, म्हणजे राजा. प्रतिस्पर्ध्याच्या राजावर रोख धरला की 'शाह' असे म्हणून सूचना द्यायची, ती सूचना म्हणजेच हा शब्द. 'एशेक'च्या सुरुवातीला 'ए' कसा आला, असा प्रश्न पडेल. ग्रामीण बोलीत 'स्कूल'चे 'इस्कूल' आणि 'स्टेशन'चे 'इस्टेशन' होते, तशीच जुन्या फ्रेंचमध्ये 'स'ने सुरू होणाऱ्या जोडाक्षराआधी स्वर येण्याची रीत होती. पुढे इंग्रजीने तो स्वर गाळला. खेळाचे 'चेस' हे नाव याच फ्रेंच शब्दाच्या अनेकवचनापासून आले आहे, त्यामुळे 'चेस' आणि 'चेक' हे एकाच शब्दाचे दोन अवतार आहेत.

मुख्य साखळीबरोबर शाखाही पाहाव्यात. येथे एक शाखा अशी आहे की तिच्याविना बँकेचा चेक समजत नाही.

फ्रेंचमध्ये बुद्धिबळाच्या पटाला 'एशेकिए' आणि लॅटिनमध्ये 'स्काकारियम' म्हणत. बाराव्या शतकात इंग्लंडच्या राजाचा महसूल ज्या मेजावर मोजला जाई, त्या मेजालाही तेच नाव पडले. रिचर्ड फिट्झनील या खजिनदाराने ११७० च्या दशकात या कचेरीच्या कारभारावर लॅटिनमध्ये गुरू-शिष्याच्या संवादरूपाने एक ग्रंथ लिहिला आणि त्यात या मेजाचे बारकाईने वर्णन केले. मेज सुमारे १० फूट लांब आणि ५ फूट रुंद असे, आणि वर ठेवलेले काही खाली पडू नये म्हणून त्याच्या चारही बाजूंना साधारण चार बोटे उंचीची कड असे. त्यावर रेघा आखलेले काळे कापड अंथरले जाई. दोन रेघांमध्ये एक वीत किंवा एक फूट अंतर असे, आणि त्या पट्ट्यांत पेन्स, शिलिंग, पौंड, वीस-वीस पौंड, शेकडा, हजार अशा क्रमाने सोंगट्या मांडून, सरकवून हिशेब केला जाई. त्या काळी रोमन अंकांत लिहून बेरीज-वजाबाकी करणे किती किचकट होते हे लक्षात घेतले, तर सर्वांच्या डोळ्यांसमोर सोंगट्या सरकवण्याची ही रीत किती सोयीची होती ते कळते. मेजाच्या दोन बाजूंना खजिनदार आणि जिल्ह्याचा वसूल घेऊन आलेला शेरीफ बसत, आणि पटावर दोन राजांची लढत व्हावी तशी या दोघांची हिशेबाची लढत येथे होते, असे फिट्झनील स्वतः नावाचे कारण देताना सांगतो.

हे नाव इंग्रजीत 'एक्स्चेकर' झाले. त्यातील 'एक्स' मुळात नव्हता. फ्रेंच 'एस' हा लॅटिन 'एक्स' या उपसर्गाचा अवशेष असावा, अशा चुकीच्या समजुतीने तो मागाहून घातला गेला. ब्रिटनच्या अर्थमंत्र्याला आजही 'चान्सलर ऑफ द एक्स्चेकर' म्हणतात, म्हणजे शब्दशः पाहिले तर बुद्धिबळाच्या पटाचा चान्सलर.

बँकेचा चेक अठराव्या शतकाच्या सुरुवातीस दिसतो तो आधी स्थळप्रत या अर्थाने. पैशाच्या कागदाचा एक भाग कापून स्वतःजवळ ठेवायचा आणि कागद परत आला की दोन्ही भाग जुळवून पाहायचे, म्हणजे फसवणुकीला आळा बसतो, म्हणून तो 'चेक'. पुढे तेच नाव मुख्य कागदाला मिळाले. धनादेशासाठी क्यू-यू-ई असलेले वेगळे स्पेलिंग ब्रिटनमध्ये एकोणिसाव्या शतकात रूढ होत गेले, आणि त्यामागे 'एक्स्चेकर'च्या स्पेलिंगचा प्रभाव कोशकार मानतात. नक्षीचा अर्थही याच शाखेचा आहे: पटासारख्या घरांचे कापड ते 'चेकर', आणि त्याचे आखूड रूप 'चेक'.

६. मराठीतील भावंडे शोधा, पण साम्यावर भाळू नका

येथे मराठी वाचकाला स्वतःच्या भाषेचा मोठा लाभ होतो. आपल्या बुद्धिबळातील 'शह' हा त्याच फारसी 'शाह'पासून आलेला आहे. फारसीतून तो थेट आपल्याकडे आला आणि अरबी, लॅटिन, फ्रेंच असा वळसा घालून इंग्रजीत गेला. म्हणून 'शह' आणि 'चेक' ही सख्खी भावंडे आहेत. 'चेकमेट'मधील 'मेट' आणि आपली 'मात' यांचेही नाते तसेच. अर्थविस्तारही समांतर झालेला दिसतो: मराठीत 'शह देणे' आणि 'शह-काटशहाचे राजकारण' पटाबाहेर आले, तसे इंग्रजीत रोखण्याचे अर्थ बाहेर आले. त्यामुळे 'चेक' रोखण्याच्या अर्थाने आला आणि संदर्भ डावपेचांचा असेल, तर 'शह' हा शब्द अनुवादात बेलाशक वापरावा.

'शाह'च्याही मागे गेलो तर प्राचीन फारसीतील 'राजा' या अर्थाचे 'क्षायथिय' हे रूप मिळते, आणि त्याचा धातू संस्कृतातील 'क्षत्र' आणि 'क्षत्रिय' यांच्या धातूशी एकच आहे. 'शहर' हा आपला रोजचा शब्दही त्याच कुळातला: प्राचीन इराणी भाषांतील राज्य या अर्थाच्या शब्दापासून, म्हणजे संस्कृत 'क्षत्र'च्या जुळ्या भावापासून, तो आलेला आहे.

आता सापळा पाहा. 'चेक्सचा शर्ट' आणि 'चौकडीचा शर्ट' हे एकाच शर्टाचे नाव आहे, अर्थ एक, सुरुवातीचा 'च' आणि मधला 'क' एक. तेव्हा 'चौकडी' आणि 'चेक' एकच असावेत, असे वाटणे स्वाभाविक आहे. तसे ते नाहीत. 'चौक', 'चौकट', 'चौकडी' या कुळाच्या मुळाशी संस्कृत 'चतुर्', म्हणजे चार, आहे. 'चेक'च्या मुळाशी राजा आहे. बुद्धिबळाचे जुने नाव 'चतुरंग' यात चार आहेत हे खरे, परंतु ती शाखा फारसीत 'चतरंग' आणि अरबीत 'शतरंज' होऊन स्पॅनिश 'आखेद्रेस'पर्यंत गेली. 'चेक' त्या वाटेने आलेला नाही. दोन शब्द दिसायला सारखे आहेत, एवढ्याने नाते सिद्ध होत नाही; मधल्या प्रत्येक कडीचे लेखी रूप किंवा त्या भाषेतील नियमित ध्वनिबदल दाखवता आला पाहिजे.

७. प्रचलित दावे पारखून घ्या

'चेक'विषयी दोन दावे सतत वाचनात येतात, आणि त्यांना एकाच मापाने मोजता येत नाही.

पहिला दावा असा की बँकेचा चेक हा अरबी 'सक्क' या शब्दापासून आला. मध्ययुगीन अरब व्यापाऱ्यांमध्ये लेखी दस्तऐवजांना आणि पैसे देण्याच्या लेखी आदेशांना 'सक्क' म्हणत, यात शंका नाही. वस्तू सारखी आहे आणि ध्वनीही जवळचा आहे. तथापि इंग्रजीतील नोंदी वेगळे सांगतात. तेथे हा शब्द आधी 'चेक' या जुन्याच स्पेलिंगने, स्थळप्रत आणि पडताळणी या अर्थाने येतो आणि मग धनादेश होतो. 'सक्क'पासून इंग्रजीपर्यंतच्या मधल्या कड्या दाखवता येत नाहीत, म्हणून मोठे कोश एक्स्चेकर आणि पडताळणी हाच उगम देतात. मी स्वतः लिहिताना तोच देतो.

दुसरा दावा 'शाह मात' म्हणजे 'राजा मेला' हा. हा पूर्णपणे निराधार म्हणता येणार नाही, कारण अरबीत 'माता' म्हणजे 'मेला', आणि अरबी भाषकांनी तो अर्थ लावलेला आहे. परंतु फारसीत 'मात' म्हणजे हतबल, निरुत्तर झालेला. खेळाच्या नियमांशी हा दुसरा अर्थ जास्त जुळतो, कारण राजा पटावर कधीच मारला जात नाही, त्याला फक्त हलायला जागा उरत नाही. मराठीतील 'संकटावर मात केली' या प्रयोगातही मरण नाही, वरचढ ठरणे आहे. अशा ठिकाणी दोन्ही मते द्यावीत आणि आपल्याला कोणते पटते ते कारणासह सांगावे.

कोणताही दावा तपासताना मी तीन प्रश्न विचारतो. सर्वांत जुना लेखी वापर या दाव्याशी जुळतो का? मधल्या भाषांतील रूपे दाखवली आहेत का? आणि एकमेकांवरून न उतरवलेले किमान दोन कोश हेच सांगतात का? तिसऱ्या प्रश्नाकडे विशेष लक्ष द्यावे, कारण पन्नास ठिकाणी तेच वाक्य शब्दशः आढळले तर तो एकच पुरावा मानावा लागतो.

८. नोंद लिहून ठेवा

शोधलेले सारे दोन आठवड्यांत विसरले जाते, म्हणून शेवटी एक आखूड नोंद करावी. तिचा नमुना असा:

शब्द: चेक, सी-एच-ई-सी-के, धनादेशासाठी भारतात सी-एच-ई-क्यू-यू-ई.
भेटलेले वाक्य: शहराच्या 'अनचेक्ड' वाढीविषयीचे.
येथील अर्थ: रोखणे, त्याचा नकार, 'अनिर्बंध'.
इतर अर्थ: तपासणे, बिल्ला, धनादेश, चौकडी, शह.
पहिला लेखी वापर: चौदावे शतक, बुद्धिबळातील शह.
साखळी: फारसी शाह, अरबी, लॅटिन स्काकस, जुनी फ्रेंच एशेक, इंग्रजी.
मराठी नाते: शह, मात. चौकडीशी नाते नाही.
वादग्रस्त: 'सक्क'चा दावा, 'मात'चा अर्थ.
कोठे पाहिले: कोशांची नावे आणि पाहिल्याची तारीख.

शेवटची ओळ गाळू नये. ऑनलाइन कोशांतील नोंदी सुधारल्या जातात, आणि सहा महिन्यांनी कोणी प्रश्न विचारला तर आपण काय, केव्हा पाहिले होते हे सांगता आले पाहिजे.

ही पद्धत हातात बसण्यासाठी पुढचे तीन शब्द घ्यावेत. 'नाइस' घ्यावा तो चौथ्या पायरीसाठी: लॅटिनमध्ये 'अजाण' या अर्थाने निघालेला हा शब्द इंग्रजीत आधी 'मूर्ख', मग 'चोखंदळ' आणि 'काटेकोर', आणि अठराव्या शतकात 'छान' कसा झाला, हे तारखा लावल्याशिवाय उलगडत नाही. 'सॅलरी' घ्यावा तो सातव्या पायरीसाठी: लॅटिनमधील 'मीठ' या शब्दाशी त्याचे नाते खरे आहे, परंतु रोमन सैनिकांना पगार म्हणून मीठच दिले जाई या लोकप्रिय गोष्टीला प्राचीन लेखांचा आधार नाही. आणि 'मंगूस' घ्यावा तो सहाव्या पायरीसाठी, कारण तेथे प्रवासाची दिशा उलटी आहे. आपला 'मुंगूस' सतराव्या शतकाच्या अखेरीस इंग्रजीत पोहोचला. त्यातील 'गूस'चा इंग्रजीतील हंसवर्गीय पक्ष्याशी काहीही संबंध नाही, त्यामुळे त्याचे अनेकवचन 'मंगूसेस' असे होते, 'मंगीस' असे लिहू नये.